पुस्तकाची मागची पानं आधी वाचा: अमेरिकेच्या इतिहासावर लिहिणाऱ्या लेखकांची मुलाखत कशी घ्यायची

गेली काही वर्षं मी अमेरिकेत आमच्या इथल्या पब्लिक लायब्ररीत लेखकांच्या मुलाखती घेतेय. दोन खुर्च्या, मध्ये छोटं टेबल, समोर कधी वीस माणसं कधी दोनशे, आणि विषय जवळजवळ नेहमी अमेरिकेचा इतिहास नाहीतर राजकारण. हल्ली ओळखीतले बरेच जण स्वतःचा पॉडकास्ट सुरू करतायत आणि मग मेसेज येतात, की तू तयारी कशी करतेस, प्रश्न कुठून सुचतात, लेखकाला राग आला तर काय करायचं वगैरे. दर वेळी तुकड्या तुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते. लांबलंय, पण ज्याला खरंच करायचंय तो वाचेल.

आधी माझी चूक सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच शिकलेय. माझ्या पहिल्याच मुलाखतीत समोर एक इतिहासकार होते, १९३० च्या दशकातल्या मंदीवर सहा वर्षं खपून पुस्तक लिहिलेलं, आणि मी दुसराच प्रश्न काय विचारला, तर सध्याच्या प्रेसिडेंटबद्दल तुम्हाला काय वाटतं. त्यांनी उत्तर दिलं, सविस्तर दिलं, दहा-बारा मिनिटं दिलं, आणि ते उत्तर टीव्हीवर कुणीही देतं तसंच होतं. समोरच्या रांगेतले चार-पाच जण उठून गेले, जे बसले त्यांच्यातले निम्मे माना डोलवत होते आणि निम्मे हाताची घडी घालून बसले होते, आणि त्या सहा वर्षांच्या कामाबद्दल त्या दिवशी कुणाला काही म्हणजे काहीच कळलं नाही. घरी येताना इतकं वाईट वाटलं. तेव्हापासून माझा नियम एकच, मत नंतर, आधी कागद. म्हणजे लेखकाला जे माहितीये ते त्याला कशावरून माहितीये, हे विचारायचं. मतं सगळ्यांकडेच असतात, पण ती कागदपत्रं बघितलेला माणूस तुमच्या समोर तासभरच बसणार असतो.

समोर कोण बसलंय ते ओळखा

नॉनफिक्शन लेखक म्हटलं की सगळे एकाच प्रकारचे असं धरून चालू नका. युनिव्हर्सिटी प्रेसनं काढलेलं पुस्तक असेल तर ते छापायच्या आधी त्याच विषयातल्या दुसऱ्या अभ्यासकांनी वाचून शेरे दिलेले असतात, त्यामुळे लेखकाला आक्षेपांची सवय असते आणि तुम्ही खोलात गेलात तर तो खूशच होतो. पत्रकारानं लिहिलेलं, मोठ्या व्यावसायिक प्रकाशकाचं पुस्तक असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, की अमेरिकेत बहुतेक प्रकाशक नॉनफिक्शनचं फॅक्ट-चेकिंग स्वतः करत नाहीत, ती जबाबदारी लेखकाची असते, आणि काही लेखक पदरचे पैसे घालून फॅक्ट-चेकर नेमतात. तो नेमला होता का, त्यानं काय पकडलं, हा प्रश्न मी पत्रकारांना हमखास विचारते आणि आजवर एकानंही कंटाळवाणं उत्तर दिलेलं नाहीये. तिसरा प्रकार राजकारण्यांच्या आठवणींचा. तिथे बरेचदा लिहिणारा दुसराच कुणी असतो आणि पुस्तक पुढच्या निवडणुकीकडे डोळा ठेवून आलेलं असतं, त्यामुळे सुरुवात करणाऱ्यांनी ही पुस्तकं घेऊच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

वाचन उलटं करा

पुस्तक हातात आलं की मी पहिलं पान उघडत नाही, मागे जाते. टिपा, मग आभार, मग अनुक्रमणिका, आणि मग पहिलं प्रकरण. हसू नका, करून बघा. टिपांमध्ये कळतं की लेखक प्रत्यक्ष कुठे कुठे जाऊन बसला. एखाद्या प्रकरणात पानोपान एकाच संग्रहाचं नाव येतं, अमुक नंबरचा बॉक्स, तमुक फोल्डर, आणि मग पुढच्या एखाद्या प्रकरणात अचानक फक्त दुसऱ्यांच्या पुस्तकांचे हवाले येतात, म्हणजे तिथे लेखकाला मूळ कागद मिळालेले नाहीयेत किंवा त्यानं शोधलेले नाहीयेत. दोन्हीपैकी काय हा तुमचा एक प्रश्न झाला, आणि तो तुम्हाला गूगल करून सुचला नसता. आभारात आर्काइव्हमधल्या लोकांची नावं असतात, कोणी माळ्यावरची पत्रांची पेटी उघडून दिली त्या कुटुंबाचं नाव असतं, कधी कधी 'ज्यांचं नाव इथे घेता येत नाही' अशी ओळ असते. यातल्या प्रत्येकामागे एक गोष्ट असते आणि ती पुस्तकात नसते.

मग पूर्ण पुस्तक वाचायचं. पूर्ण म्हणजे पूर्ण. प्रकाशकाकडून आलेल्या पत्रात तयार प्रश्नांची यादी असते ती बाजूला ठेवा, त्या यादीतले प्रश्न लेखकानं त्या आठवड्यात दहा ठिकाणी ऐकलेले असतात.

इथे ब्रायन लॅम्ब यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. हे सी-स्पॅन या चॅनलचे संस्थापक, आणि त्यांनी १९८९ ते २००४ या काळात 'बुकनोट्स' नावाचा कार्यक्रम केला, दर आठवड्याला एक लेखक, एक तास, एकूण ८०१ मुलाखती, आणि एकदा आलेला लेखक परत बोलवायचा नाही असा त्यांचा नियम होता. प्रत्येक पुस्तक ते स्वतः वाचायचे, समासात पेन्सिलनं खुणा करत, आणि त्या खुणांसकट ती पुस्तकं आता जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीत ठेवलेली आहेत. त्यांच्या जुन्या मुलाखती काढून बघा. प्रश्न इतके छोटे आणि साधे असतात की पहिल्यांदा ऐकताना वाटतं यात काय विशेष, हे पुस्तक तुम्ही कुठे बसून लिहिलंत, हा माणूस कोण, तो कुठे पुरलाय. पण लेखक खुलत जातो, कारण समोरच्याला स्वतःची हुशारी दाखवायची नाहीये हे त्याला दोन मिनिटांत कळतं. मी नवीन मुलाखतकारांना सांगते की त्यातल्या पाच तरी बघा आणि फक्त प्रश्न कागदावर उतरवून काढा, उत्तरं नको. दहा शब्दांच्या वर गेलेला प्रश्न शोधावा लागेल.

पुस्तक किती जुन्या काळाबद्दल आहे यावरून कागदाचा प्रश्न बदलतो

ही गोष्ट मला फार उशिरा कळली म्हणून जरा नीट सांगते. १९७८ चा एक कायदा आहे, प्रेसिडेंशियल रेकॉर्ड्स ॲक्ट, प्रेसिडेंट निक्सन यांच्या वॉटरगेट प्रकरणानंतर आलेला. त्याच्यानुसार प्रेसिडेंटचे कामकाजाचे कागद हे त्याचे खासगी नसून सरकारचे, रीगनपासून पुढे सगळ्यांना लागू. पण प्रेसिडेंटनं पद सोडल्यावर पहिली पाच वर्षं सामान्य माणसाला ते मागता येत नाहीत, आणि काही प्रकारचे कागद तर बारा वर्षांपर्यंत बंद ठेवता येतात. आता विचार करा, एखादा प्रेसिडेंट पायउतार होऊन दोन वर्षं झाली आणि व्हाइट हाऊसच्या आत काय घडलं यावर जाडजूड पुस्तक आलं, तर ते कशावर उभं आहे? माणसांच्या बोलण्यावर. कोण बोललं, का बोललं, त्यात त्यांचा काय फायदा होता, किती जणांनी एकच प्रसंग सारखा सांगितला, दोघांचं सांगणं जुळलं नाही तिथे लेखकानं काय केलं, हे सगळे तुमचे प्रश्न. 'डीप बॅकग्राउंड' नावाची पद्धत असते, म्हणजे माहिती वापरायची पण कोणी दिली ते सांगायचं नाही, आणि वॉशिंग्टनबद्दलची कितीतरी पुस्तकं त्यावर चालतात. नावं विचारू नका, ती मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. पण बंद खोलीत दोनच माणसं होती आणि त्यांचं बोलणं अवतरणचिन्हांत छापलंय, तर ते तुमच्यापर्यंत आलं कसं, हे विचारायचा वाचकाला पूर्ण हक्क आहे.

तेच निक्सन यांच्यावरचं पुस्तक असेल तर सगळं उलटं. त्यांच्या व्हाइट हाऊसमधल्या बोलण्याचं, १९७१ ते १९७३ मधलं, जवळजवळ ३,७०० तासांचं रेकॉर्डिंग आहे. तिथे कागद कमी पडत नाही, ऐकायला आयुष्य कमी पडतं, म्हणून विचारायचं की तुम्ही स्वतः किती ऐकलंत, दुसऱ्यांनी लिहून काढलेल्यावर कुठे विसंबलात, आणि एखादा शब्द तुम्हाला वेगळाच ऐकू आला असं झालं का. एका लेखिकेला मी हा शेवटचा प्रश्न विचारला तर त्या पुढची पंधरा मिनिटं एका कपाच्या खळखळाटाखाली दबलेल्या शब्दाबद्दल बोलत होत्या आणि अख्खा हॉल कान टवकारून ऐकत होता.

सुरुवात छोट्या गोष्टीनं करा

'हे पुस्तक लिहायची प्रेरणा कुठून मिळाली' हा प्रश्न कृपा करून टाळा. त्याचं उत्तर पाठ झालेलं असतं. त्याऐवजी पुस्तकातला एखादा अगदी बारीक तपशील उचला, शक्यतो साठ-सत्तर पानांच्या पुढचा. अमुक पानावर तुम्ही लिहिलंय की त्या दिवशी पाऊस होता, हे कशावरून कळलं? उत्तरात डायरी येते, हवामान खात्याच्या नोंदी येतात, जुनं वर्तमानपत्र येतं, आणि श्रोत्यांना पहिल्या तीन मिनिटांत कळतं की इतिहास लिहितात म्हणजे नेमकं काय करतात. लेखकालाही कळतं की हिनं वाचलंय. त्याचा सूरच बदलतो हो, खुर्चीत पुढे सरकून बसतो माणूस.

आणि मग गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड. रॉबर्ट कॅरो, ज्यांनी प्रेसिडेंट लिंडन जॉन्सन यांचं चरित्र लिहिण्यात आयुष्य घातलं, पहिला खंड १९८२ चा आणि चौथा २०१२ चा, ते मुलाखत घेताना वहीत स्वतःसाठीच 'शट अप' ची दोन आद्याक्षरं लिहून ठेवतात, म्हणजे समोरचा थांबला की आपण ती शांतता भरून काढायची नाही. त्यांची एक गोष्ट मी प्रत्येक नवीन मुलाखतकाराला सांगते. जॉन्सन यांचा धाकटा भाऊ सॅम ह्यूस्टन जॉन्सन लहानपणीचे मजेदार किस्से सांगायचा पण ते कॅरोंना पटत नव्हते. तेव्हा त्यांनी त्याला टेक्ससमधल्या त्या कुटुंबाच्या जुन्या घरात नेलं, ते तेव्हा जुन्यासारखं मांडून जतन केलेलं होतं, आणि जेवणाच्या टेबलाशी त्याच्या लहानपणीच्या जागेवर बसवलं. स्वतः मागे बसले, नजरेत येणार नाही असे. वडील आणि लिंडनची भांडणं आठवायला सांगितली, हळूहळू तो त्या काळात शिरला, आवाज चढले, आणि मग कॅरो म्हणाले की आता ते आधीचे किस्से परत सांग, जरा तपशिलात. बराच वेळ शांतता. आणि तो म्हणाला की ते नाही सांगता येणार, कारण ते घडलेच नव्हते. तिथून पुढे खरं बाहेर आलं. तुम्ही लेखकाच्या मुलाखतीत एवढं काही करणार नाही आहात, पण दोन गोष्टी घ्या. एक म्हणजे जागा आणि वस्तू, 'तिथे उभं राहिल्यावर काय दिसलं' हा प्रश्न कधीच वाया जात नाही. आणि दुसरी, चार सेकंदांची शांतता. रेकॉर्डिंगमध्ये ती नंतर कापता येते, पण तुम्ही मध्ये बोललात तर जे येणार होतं ते गेलंच.

एक वर्ष धरून ठेवा

ही माझी स्वतःची युक्ती आहे आणि मला ती फार प्रिय आहे. पुस्तक पन्नास वर्षांबद्दल असलं तरी मुलाखतीत एखादंच वर्ष घट्ट पकडायचं. माझं आवडतं वर्ष १८७३, आणि ते मला आपल्या मराठीतून मिळालं. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' त्या वर्षी काढलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध लढलेल्या तिथल्या सज्जन लोकांना अर्पण केलं, हे आपण सगळे शाळेपासून ऐकत आलोय. तर सिव्हिल वॉर, म्हणजे उत्तर-दक्षिणेतलं यादवी युद्ध, संपल्यावर दक्षिणेला पुन्हा संघराज्यात सामावून घेण्याच्या, म्हणजे रीकन्स्ट्रक्शनच्या, काळावर लिहिणारे एक लेखक आले होते तेव्हा मी हे सांगून विचारलं, की त्या वर्षी इतक्या लांबून एक माणूस अमेरिकेकडे एवढ्या आशेनं बघत होता, तर त्याच वर्षी तिथे काय चाललं होतं? ते क्षणभर थांबले, आणि मग लुइझियानातल्या कोलफॅक्सबद्दल बोलायला लागले. १३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार, निवडणुकीच्या निकालावरून झालेला वाद, आणि गोऱ्यांच्या सशस्त्र जमावानं कोर्टहाऊसपाशी मारलेले कितीतरी कृष्णवर्णीय, बरेचसे शरण आल्यावर. किती मेले हेसुद्धा आजवर ठामपणे सांगता येत नाही, साठच्या आसपास ते दीडशे असे वेगवेगळे आकडे सापडतात. दोषी ठरलेल्या मोजक्या लोकांची शिक्षा १८७६ मध्ये सुप्रीम कोर्टानं टिकू दिली नाही. त्यानंतर वर्षभरात दक्षिणेतून संघराज्याच्या सैन्याचा आधार गेला आणि रीकन्स्ट्रक्शन संपलं. लेखकानं शेवटी विचारलं की त्या अर्पणपत्रिकेचे नेमके शब्द मला पाठवाल का. मी रात्रीच पाठवले.

आणि गंमत बघा, १८७३ मध्येच ओहायोतल्या एका वर्तमानपत्रात मॅडिसन हेमिंग्स नावाच्या, एकेकाळी गुलाम असलेल्या माणसाच्या आठवणी छापून आल्या, त्यात त्यानं सांगितलं की माझे वडील प्रेसिडेंट थॉमस जेफरसन, आई त्यांच्याकडे गुलाम असलेली सॅली हेमिंग्स. शंभरावर वर्षं बहुतेक इतिहासकारांनी ते उडवून लावलं आणि जेफरसनच्या नातवंडांचं म्हणणं मान्य केलं, जी बोट दुसऱ्याच नातेवाइकांकडे दाखवत होती. मग १९९७ मध्ये ॲनेट गॉर्डन-रीड यांनी, ज्या कायद्याच्या प्राध्यापक होत्या, एक पुस्तक लिहून एवढंच विचारलं की दोन्ही साक्षी एकाच मापानं का तपासल्या नाहीत. पुढच्याच वर्षी डीएनए चाचणीचा निकाल आला, जेफरसनांच्या पुरुष वंशाचा धागा हेमिंग्सच्या वंशजाशी जुळला आणि नातवंडं ज्यांचं नाव घेत होती त्यांच्याशी जुळला नाही. २००० मध्ये मोंटिसेलो, म्हणजे जेफरसनचं घर, सांभाळणाऱ्या संस्थेनंही शक्यता मान्य केली. मी हे इतकं सविस्तर का सांगतेय, तर कागद विचारणं म्हणजे नुसतं 'पुरावा आहे का' नाही, पुरावा होताच, छापलेला होता, कोणाचं ऐकायचं हे आधीच ठरलेलं होतं. म्हणून कुठल्याही लेखकाला विचारा, तुमच्या पुस्तकात दोन माणसं एकमेकांविरुद्ध सांगतायत तिथे तुम्ही कोणावर विश्वास ठेवलात आणि का.

याचंच आणखी एक उदाहरण खिशात ठेवा. १९३६ ते १९३८ मध्ये सरकारी योजनेतून पूर्वी गुलाम असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी गोळा केल्या, २,३०० हून जास्त. मुलाखती घेणारे बहुतेक गोरे, दक्षिणेतला तो काळ, बोलणारी माणसं गरीब आणि मंदीत पिचलेली. चार्ल्स्टनच्या एका वृद्धेची मुलाखत दोघांनी वेगवेगळी घेतली, एक गोरी बाई आणि एक कृष्णवर्णीय माणूस, तर पहिलीला तिनं मालक चांगला होता असं सांगितलं आणि दुसऱ्याला मारहाणीच्या आठवणी सांगितल्या. माणूस तीच, वर्ष तेच. ज्या पुस्तकात या आठवणी वापरल्यात त्या लेखकाला विचारलंच पाहिजे की हे तुम्ही वाचताना कसं सांभाळलंत.

आकड्यांचं थोडक्यात. आकडा आला की कोणी मोजलं आणि कसं मोजलं, एवढे दोन प्रश्न. सिव्हिल वॉरमध्ये ६ लाख २० हजार मेले हे शतकभर छापलं जात होतं, मग २०११ मध्ये डेव्हिड हॅकर यांनी जनगणनांच्या नोंदी ताडून साडेसात लाखांच्या आसपास अंदाज दिला. दीडशे वर्षांपूर्वीच्या युद्धाचा आकडा आत्ता बदलतो म्हणजे काय, हे ऐकायला कुणालाही आवडतं.

शब्द तिथल्या तिथे उलगडून घ्या

तुमचे ऐकणारे मराठी असोत नाहीतर अमेरिकन, पक्षांची नावं सगळ्यांनाच गोंधळात टाकतात. रिपब्लिकन पक्ष १८५४ चा, गुलामीच्या विस्ताराला विरोध करत उभा राहिलेला, लिंकनचा, आणि दक्षिणेतले गोरे मतदार तेव्हा आणि पुढची कित्येक दशकं डेमोक्रॅट. १९६४ चा सिव्हिल राइट्स ॲक्ट जॉन्सन या डेमोक्रॅट प्रेसिडेंटनं सही करून आणला, काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, टक्केवारीनं बघितलं तर त्याला रिपब्लिकनांनी जास्त पाठिंबा दिला, पण त्याच वर्षी त्या कायद्याविरुद्ध मत दिलेला रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर, स्वतःचं ॲरिझोना सोडलं तर, फक्त खोल दक्षिणेतली पाच राज्यं जिंकला. हे माहीत नसेल तर ऐकणारा १८६० चा डेमोक्रॅट आणि आजचा डेमोक्रॅट एकच समजून बसतो. म्हणून लेखक तसा शब्द बोलला की लगेच, नम्रपणे, 'त्या काळात याचा अर्थ काय होता ते सांगाल का' असं म्हणायचं. फिलिबस्टर (सिनेटमध्ये चर्चा लांबवून विधेयक अडवणं), इलेक्टोरल कॉलेज (प्रेसिडेंट निवडणारं राज्यांच्या प्रतिनिधींचं मंडळ), सगळ्याचं हेच. आपल्याला माहीत असलं तरी विचारायचं. त्यात कमीपणा नाहीये.

पटलं नाही तर

नेहमी पान नंबर घेऊन असहमत व्हा. 'काही लोक म्हणतात' अशी सुरुवात केली की लेखक त्या 'काही लोकांना' झोडपतो आणि निघून जातो. त्याऐवजी, २१४ पानावर तुम्ही असं म्हणता पण ९० पानावर दिलेलं पत्र मला वेगळं सांगतंय, हे कसं जुळवायचं? एकदा एका लेखकानं सिव्हिल वॉरचं कारण मुख्यतः राज्यांचे अधिकार होतं असा सूर लावला होता. मी वाद घातला नाही, मिसिसिपी राज्यानं १८६१ मध्ये संघराज्यातून फुटून निघताना जे जाहीरनामापत्र काढलं ते सोबत नेलं होतं, त्यात सुरुवातीलाच लिहिलंय की आमची बाजू गुलामीच्या प्रथेशी पूर्णपणे जोडलेली आहे, ते वाक्य वाचलं आणि म्हटलं, तुमच्या पुस्तकात हा कागद दिसला नाही, तुम्ही तो कसा वाचता? त्यांना ते आवडलं नाही हे दिसत होतं. पण त्यांनी उत्तर दिलं, अर्धवट का होईना, आणि ज्यांना ठरवायचं होतं त्यांच्यासमोर दोन्ही गोष्टी आल्या. आवाज चढवायचा नाही, आणि लेखकाची बाजू कमकुवत पडली तर तिथे रेंगाळून चिमटे काढायचे नाहीत, तो तुमच्या बोलावण्यावरून आलाय.

आजच्या राजकारणावर बोलायचंच नाही का? बोला की. पण शेवटच्या तिसऱ्या भागात, आणि पुस्तकातून वाट काढत. 'तुम्ही सहा वर्षं १९३० च्या दशकात राहिलात, आज पेपर उघडल्यावर कुठली गोष्ट ओळखीची वाटते आणि कुठली अजिबात नाही?' यातला दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा, कारण साम्यं सगळेच सांगतात. आणि जागा एखाद्या करमुक्त धर्मादाय संस्थेची असेल तर लक्षात ठेवा, अशा संस्थांना उमेदवाराच्या बाजूनं किंवा विरोधात प्रचार करता येत नाही, हा १९५४ चा नियम आणि तो सिनेटर असताना आणला होता लिंडन जॉन्सन यांनीच. लेखक स्वतः निवडणुकीला उभा असेल तर आयोजकांशी आधी बोलून घ्या.

बाकीची व्यवस्था पटकन सांगते. लेखकाच्या वेबसाइटवर पब्लिसिस्टचा, म्हणजे त्याची प्रसिद्धी सांभाळणाऱ्याचा, पत्ता असतो, प्रोफेसर असेल तर युनिव्हर्सिटीच्या पानावर त्याचा स्वतःचा ईमेल, दोन-तीन महिने आधी लिहा. अमेरिकेत नवीन पुस्तकं सहसा मंगळवारी येतात आणि पहिले दोन-तीन आठवडे लेखक दमलेला असतो, त्यामुळे मोठं नाव नसलेल्यांनी सहा महिन्यांनी बोलवावं, तेव्हा तो निवांत असतो आणि वाचकांनी दाखवलेल्या चुकाही त्याला कळलेल्या असतात, त्याबद्दल विचारता येतं. आदल्या दिवशी दहा मिनिटं फोन करा, पण प्रश्न सांगू नका, नाहीतर खरी उत्तरं फोनवरच संपतात. श्रोत्यांचे प्रश्न कार्डावर लिहून घ्या, माइक हातात दिलात तर प्रश्न येत नाही, भाषण येतं. लेखक बोलताना एखादी तारीख चुकला तर स्टेजवर पकडू नका, रेकॉर्डिंग टाकताना खाली दुरुस्ती लिहा आणि त्याला कळवा.

शेवटचा प्रश्न माझा ठरलेला आहे, तुम्हाला काय सापडलं नाही? आणि यासाठी दहा मिनिटं राखून ठेवा. एकदा मी दोनच ठेवली होती. लेखिका एका कृष्णवर्णीय कुटुंबाचा माग काढत होत्या, १८८० च्या जनगणनेत आईवडील आणि पाच मुलं दिसतात, १९०० मध्ये थेट दुसऱ्या राज्यात फक्त आई आणि दोन मुलं. मधल्या १८९० च्या नोंदी असत्या तर कळलं असतं, पण वॉशिंग्टनमध्ये १९२१ साली लागलेल्या आगीत त्यातल्या बऱ्याच गेल्या आणि जे भिजलेलं, जळकं उरलं होतं तेही पुढे १९३० च्या दशकात सरकारी मंजुरीनं नष्ट केलं. त्या तीन मुलांची नावं त्या एकेक करून सांगत होत्या, तिसरं नाव यायच्या आत लायब्ररी बंद व्हायची सूचना सुरू झाली. पार्किंगमध्ये उभं राहून मी ते तिसरं नाव विचारून घेतलं, पण रेकॉर्डिंगमध्ये दोनच आहेत.